तेलकट सांडपाणी आणि वीज बनवणारे जिवाणू: ईटीपीच्या कोपऱ्यात मडक्यावर करायचा प्रयोग

सोयाबीन तेलाची रिफायनरी असो की सरकी तेलाची, ईटीपीवाल्याचं, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरणाचा प्लांट चालवणाऱ्याचं, दुखणं एकच असतं. तेल वर तरंगलं तर काढता येतं, पण साबणात विरघळून दुधासारखं झालेलं तेल कशालाच दाद देत नाही. त्यात कोणीतरी व्हिडिओ पाहून येतं आणि विचारतं, "जिवाणू सोडले की पाणीही साफ होतं आणि वीजही मिळते म्हणे?" मिळते. पण किती मिळते आणि त्या आधी काय काय करावं लागतं, हे व्हिडिओत नसतं. ते इथे क्रमाने लिहितो. उदाहरण खाद्यतेल रिफायनरीचं घेतलं आहे, कारण लातूर, अकोला, धुळे या पट्ट्यात हाच धंदा आहे. पेट्रोलियमच्या पाण्यालाही यातले बरेच नियम लागू पडतात, पण फिनॉल, सल्फाइड आणि हायड्रोकार्बन यांचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो.

आधी यंत्रणा समजून घ्या

जिवाणू सेंद्रिय पदार्थ खातात तेव्हा त्यातून इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि ते कुणाला तरी द्यावे लागतात. हवा असली की ऑक्सिजनला देतात. हवा नसली तर काही जिवाणू ते गंजलेल्या लोखंडाला, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडला देतात. अशा ठिकाणी कार्बनचा इलेक्ट्रोड ठेवला तर ते त्यालाच इलेक्ट्रॉन देऊन मोकळे होतात. तारेतून ते दुसऱ्या टोकाला जातात, तिथे हवेतल्या ऑक्सिजनला मिळतात, आणि वाटेत आपल्याला वीज मिळते. डरहॅमच्या एम. सी. पॉटर यांनी १९११ साली यीस्ट आणि बॅक्टेरियापासून असा विजेचा दाब (व्होल्टेज) मिळतो हे दाखवलं होतं. जिओबॅक्टर हा या खेळातला मुख्य गडी. तो १९८७ मध्ये अमेरिकेतल्या पोटोमॅक नदीच्या गाळात डेरेक लवली यांना सापडला.

तेलाच्या बाबतीत खरी मेख इथे आहे. जिओबॅक्टर तेल खात नाही, तो खातो ॲसिटेट. म्हणून प्रयोगाच्या मातीच्या मडक्यात एक अख्खी साखळी उभी करावी लागते. पहिले जिवाणू लायपेज हे तेल फोडणारं एन्झाइम बाहेर टाकून तेलाचं ग्लिसरीन आणि लांब साखळीच्या फॅटी ॲसिडमध्ये रूपांतर करतात. दुसरे त्या फॅटी ॲसिडचे दोन-दोन कार्बनचे तुकडे पाडतात, आणि एका पामिटिक ॲसिडमधून आठ ॲसिटेट निघतात. त्यातच हायड्रोजनही सुटतो. तो कुणी उचलला नाही तर ही पायरी तिथेच अडते. मग शेवटी जिओबॅक्टरची पंगत बसते. बाजारात "तेल खाणारे जिवाणू" म्हणून मिळणारी पाकिटं बहुतेक हवेवर जगणाऱ्या जातींची असतात. ती या मडक्यात ओतून पैसे वाया घालवू नका.

पायरी १: कुठलं पाणी घ्यायचं

रिफायनरीत सांडपाण्याचे तीन-चार वेगळे प्रवाह असतात. न्यूट्रलायझेशननंतरच्या (कॉस्टिकने तेलातलं आम्ल काढल्यानंतरच्या) धुलाईचं पाणी, फरशी धुतलेलं पाणी, डिओडोरायझरच्या (तेलाचा वास काढणाऱ्या यंत्राच्या) बॅरोमेट्रिक कंडेन्सरचं पाणी, आणि सोपस्टॉक (न्यूट्रलायझेशनमध्ये निघणारा साबणाचा गाळ) फोडल्यावर उरलेलं आम्लपाणी. या शेवटच्याला प्रयोगापासून लांब ठेवा. सोपस्टॉक सल्फ्युरिक ॲसिडने फोडतात, त्यामुळे त्यात सल्फेट ठासून भरलेलं असतं. चुना टाकून जिप्सम बसवलं तरी जिप्सम स्वतःच लिटरला सुमारे अडीच ग्रॅम विरघळतं, म्हणजे साधारण १,४०० मिलिग्रॅम सल्फेट पाण्यात राहणारच. एक ग्रॅम सल्फेट फोडायला सल्फेट खाणारे जिवाणू ०.६७ ग्रॅम सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं ऑक्सिजनमधलं माप) वापरतात. हिशेब केला तर लिटरमागे सव्वानऊशे मिलिग्रॅमच्या आसपास सीओडी वीज न बनवता सडक्या अंड्याच्या वासात जाऊ शकते. म्हणून नमुना घ्यायचा तो धुलाईच्या पाण्याचा. आम्लपाण्याची लाइन इक्वलायझेशन टाकीत (सगळे प्रवाह एकत्र होतात त्या टाकीत) कुठे मिसळते हे ड्रॉइंगवर न पाहता जागेवर जाऊन पाहा. ड्रॉइंग आणि प्रत्यक्ष पाइप यांचं फारसं पटत नाही.

नमुन्याच्या सहा चाचण्या करून घ्या: पीएच, सीओडी, तेल-ग्रीस, सल्फेट, क्लोराइड आणि कंडक्टिव्हिटी. एक ग्रॅम तेलाची सीओडी साधारण २.९ ग्रॅम भरते. म्हणजे तेल-ग्रीस १,००० मिलिग्रॅम असेल तर सीओडीचे जवळजवळ २,९०० एकट्या तेलाचेच. हा ताळा जमत नसेल तर नमुना घेताना वरचा थर आला किंवा निसटला असं समजा. क्लोराइड जास्त असेल तर डायक्रोमेटच्या सीओडी चाचणीत मर्क्युरिक सल्फेट पुरेसं टाकलं आहे का, हे लॅबला विचारा. नाहीतर आकडा फुगतो.

पायरी २: तेल आधी काढा, मग जिवाणूंकडे जा

या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. मडक्यात जाणारं तेल जितकं कमी, तितकी वीज जास्त. ऐकायला उलटं वाटतं, पण फॅटी ॲसिड इलेक्ट्रोडवर चढली की कार्बनचे तंतू मेणकट होतात आणि जिवाणूंपर्यंत काहीच पोहोचत नाही. शिवाय लांब साखळीची फॅटी ॲसिड जिवाणूंच्या पेशीभोवती चिकटून त्यांनाच गारद करतात.

तेलाचे थेंब आकाराने वेगळे असतात. दीडशे मायक्रॉनपेक्षा मोठे ऑइल ट्रॅपमध्ये आपोआप वर येतात. वीस ते दीडशेमधले डॅफच्या (पाण्यात हवा सोडून तेल वर आणणाऱ्या टाकीच्या) बुडबुड्यांवर चढवता येतात. वीसच्या खालचे इमल्शन, म्हणजे दुधाळ मिश्रण, म्हणून राहतात, आणि साबणामुळे धुलाईच्या पाण्यात त्यांचाच भरणा असतो.

इमल्शन फोडायचं ते ॲसिडने. बादलीभर पाणी घ्या, ढवळत ढवळत सौम्य ॲसिड टाकत पीएच अडीच-तीनपर्यंत आणा. दुधाळ पाणी एकाएकी फाटतं, वर तपकिरी चिकट थर येऊ लागतो. तासाभराने थर काढून ॲसिड ऑइलच्या टाकीत टाका, साबणवाल्यांकडे त्याला भाव आहे. पाणी गरम असेल तर हे पटकन होतं, म्हणून वॉशिंगमधून आलेलं पाणी थंड होऊ देऊ नका. मडक्यासाठी लागणाऱ्या थोड्या पाण्याला सल्फ्युरिकऐवजी हायड्रोक्लोरिक वापरा, सल्फेट वाढत नाही. प्लांटमध्ये मात्र तसं करू नका, क्लोराइडने एसएसच्या (स्टेनलेस स्टीलच्या) टाक्या आणि पंप खड्डे पडून जातात. ॲसिड नेहमी पाण्यात टाकायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही.

नंतर चुन्याच्या निवळीने पीएच सातवर आणा. चुन्यातल्या कॅल्शियममुळे उरलेली फॅटी ॲसिड अविद्राव्य साबण होऊन खाली बसतात, जिवाणूंचं विष कमी होतं. थोडी पीएसी (पॉलिॲल्युमिनियम क्लोराइड) किंवा फिटकरी टाकून गाळ बसवा, वरचं पाणी गाळून घ्या. मी मडक्यात सुरुवातीला तेल-ग्रीस लिटरला ५० ते १०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाही.

पायरी ३: मडकं

दोन इलेक्ट्रोडच्या मधे आयन जाऊ देणारा पडदा लागतो. त्यासाठीची मेम्ब्रेन महाग असते आणि तेलकट पाण्यात ती लवकर खराब होते. मिठाच्या पुलाची यू-नळी वापरून केलेले शाळकरी प्रयोग दिसायला छान, पण पुलाचा रोध इतका असतो की करंट बाहेरच येत नाही. भाजलेल्या मातीचं भांडं स्वस्त आणि दणकट. खरगपूरच्या आयआयटीत मातीच्या मडक्यांवर बरंच काम झालं आहे, आणि ब्रिस्टलच्या गटाने सिरॅमिकच्या नळ्या वापरून २०१५ मध्ये ग्लॅस्टनबरी महोत्सवात मूत्रावर दिवे लावले होते.

कुंभाराकडून दीड-दोन लिटरचं साधं मडकं घ्या. रंग, पॉलिश, ग्लेझ काही नको. भिंत चार ते सहा मिलिमीटर जाड. घरी आणून पाणी भरा आणि रात्रभर ठेवा. बाहेरून सगळीकडे सारखा घाम आला पाहिजे, पण थेंब टपकता कामा नये. एका बाजूने टपकत असेल तर ते पिण्याच्या पाण्याला वापरा. हा पाझरच पुढे कामाला येतो: आत अ‍ॅनोड, बाहेर हवेत कॅथोड (आतला जिवाणूंकडून इलेक्ट्रॉन घेणारा, बाहेरचा ते ऑक्सिजनला देणारा), आणि मधे सतत ओली राहणारी माती, त्यातून आयन इकडून तिकडे जातात.

पायरी ४: दोन इलेक्ट्रोड

अ‍ॅनोडला कार्बन फेल्ट बहुतेक शोधनिबंधांत दिसतो. तेलकट पाण्यासाठी मला तो पसंत नाही, कारण त्यात चरबी अडकते आणि निघत नाही. कार्बन फायबरचा ब्रश बरा. कंपोझिटचं सामान विकणाऱ्याकडे कार्बन फायबरचे धागे सुटे मिळतात. ते एसएस ३१६ च्या दोन तारांत धरून तारा पिळा, बाटली धुवायच्या ब्रशसारखा ब्रश होतो. धाग्यांवर कारखान्यातला लेप असतो, तो अ‍ॅसिटोनमध्ये रात्रभर ठेवून काढा. लॅबमध्ये मफल फर्नेस असेल तर ४५० अंशावर अर्धा तास भाजा. त्याने धागे पाण्याला नकार देणं सोडतात आणि जिवाणूही लवकर चिकटतात.

कॅथोडला सक्रिय कार्बनची भुकटी लागते, प्लॅटिनमची गरज नाही. सहा भाग सक्रिय कार्बन आणि एक भाग टेफ्लॉनचं इमल्शन, सुक्या वजनाने, थोड्या अल्कोहोलमध्ये मळा. गोळा लवचीक झाला की एसएसच्या जाळीवर ठेवून लाटण्याने लाटा आणि ८० अंशाला वाळवा. हे लाटणं परत स्वयंपाकघरात नेऊ नका. जाळी मडक्याच्या पोटाभोवती घट्ट गुंडाळा, कार्बनची बाजू मातीकडे. मधे कुठे पोकळी राहिली की तेवढा भाग निकामी, म्हणून वरून नायलॉनच्या दोरीने आवळून बांधा.

तांब्याची तार किंवा क्लिप ओलाव्याला लागता कामा नये. तांबं जिवाणूंना मारतं, आणि हिरवा गंज चढला की रोध वाढतो. क्लिप जोडायची ती एसएसच्या तारेला, पाण्याच्या वर, कोरड्या जागी.

झाकणाला दोन भोकं: एकातून तार, दुसऱ्यातून बारीक नळी. नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवा, म्हणजे आतला वायू बाहेर येतो पण हवा आत जात नाही. बाकी फटी एम-सीलने बुजवा.

मडकी किमान चार करा. दोन रोधाला (रेझिस्टरला) जोडलेली आणि दोन तशीच उघडी, कुठेही न जोडलेली. हा खर्च वाचवणारे शेवटी पस्तावतात, आणि का ते हिशेबाच्या पायरीत कळेल.

पायरी ५: विरजण

बाहेरून कल्चर मागवण्याची गरज नाही. तुमच्याच ऑइल ट्रॅपच्या तळाचा काळा गाळ सर्वांत उत्तम, कारण तिथले जिवाणू आधीच चरबीला सरावलेले असतात. त्यात गोबर गॅसच्या स्लरीचा थोडा वाटा मिसळा. जाळीतून गाळून मडक्याच्या दहा ते वीस टक्के भरेल इतकं टाका. मिथेन करणारे जिवाणू मारायला गाळ उकळून घेण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. तेलकट पाण्यासाठी मी ती टाळतो. फॅटी ॲसिड तोडणारी नाजूक मंडळीही त्यात जातात, आणि साखळीच मधून तुटते.

गाळ काढताना टाकीत उतरायचं नाही, वरून लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढायचा. हायड्रोजन सल्फाइडचा वास आला म्हणून कळेल, या भरवशावर राहू नका. साधारण १०० पीपीएमला नाकच बधिर होतं, आणि वास गेला म्हणजे वायू गेला असं वाटतं. टाकीत उतरलेले आणि त्यांना काढायला मागून उतरलेले, दोघेही जाण्याचे प्रकार आपल्याकडे नवे नाहीत.

पायरी ६: सुरुवात ॲसिटेटवर

पहिल्याच दिवशी सांडपाणी भरू नका. लिटरला एक ग्रॅम सोडियम ॲसिटेट, एक ते दीड ग्रॅम खाण्याचा सोडा, चिमूटभर युरिया आणि बाकी साधं पाणी, क्लोरीन उडून गेलेलं. अ‍ॅनोड आणि कॅथोडच्या मधे १,००० ओहमचा रोध जोडा आणि रोज सकाळ-संध्याकाळ मल्टिमीटरने त्याच्यावरचा दाब लिहून ठेवा. पहिले काही दिवस मीटरवर काहीच घडत नाही, आणि इथेच बरेच जण कंटाळतात. मग आकडा हळूहळू चढू लागतो. पाणी ३० ते ३५ अंशाला असलं तर दोन-तीन आठवड्यांत स्थिर होतो. हिवाळ्यात मराठवाड्यात रात्री पारा खाली जातो, त्या दिवसांत मडकी बॉयलर रूमच्या भिंतीलगत ठेवा.

दाब दोन-तीन भरण्यांत तेवढाच येऊ लागला की सांडपाणी सुरू करा. आधी दहा टक्के, मग पाव, मग अर्धं, मग पूर्ण. प्रत्येक टप्प्यावर दाब पूर्वपदावर येईपर्यंत थांबायचं. पाणी आत २४ ते ४८ तास राहू द्या. पीएच साडेसहाच्या खाली गेला तर सोडा वाढवा.

पोषणाचं म्हणाल तर डीगमिंगला (तेलातला चिकट गोंद काढायला) फॉस्फोरिक ॲसिड वापरत असाल तर फॉस्फरस आयताच मिळतो, कमी पडतो तो नायट्रोजन. तो युरियातून द्या. नायट्रेटचं खत टाकू नका, नायट्रेट स्वतःच इलेक्ट्रॉन पळवतं.

पायरी ७: मोजमाप, आणि भ्रमनिरास

महिनाभराने एकदा रोध बदलून पाहा. रात्रभर जोडणी काढून ठेवा, दाब ०.६ ते ०.७ व्होल्टपर्यंत चढेल. मग १०,००० ओहमपासून ५० ओहमपर्यंत एकेक रोध जोडत जा, प्रत्येकावर पंधरा-वीस मिनिटं थांबून दाब लिहा. मोकळ्या दाबाच्या निम्मा दाब ज्या रोधावर येईल, तेवढाच तुमच्या मडक्याचा अंतर्गत रोध. मोकळा ०.६५ होता आणि २०० ओहमवर ०.३२ आला, तर अंतर्गत रोध २०० च्या जवळपास. पुढे मडकं त्याच रोधावर चालवा.

आता खरा हिशेब. समजा एक लिटर पाणी आहे, ५०० ओहमवर ०.४ व्होल्ट मिळतात. करंट ०.८ मिलिॲम्पिअर. चोवीस तासांत साधारण ६९ कूलंब. त्याच वेळात सीओडी २,००० वरून १,२०० वर आली, म्हणजे ०.८ ग्रॅम गेली. एक ग्रॅम सीओडीमागे जास्तीत जास्त १२,०६० कूलंब निघू शकतात, तेव्हा ९,६५० यायला हवे होते. आले ६९. एक टक्काही नाही.

बाकीची सीओडी गेली कुठे? काही मिथेन झाली, काही मातीतून झिरपलेल्या ऑक्सिजनने खाल्ली, काही सल्फेटवाल्यांनी, काही गाळ होऊन खाली बसली, आणि तेलाचा बराच भाग ब्रशला आणि मडक्याच्या भिंतीला चिकटला. म्हणून ती दोन उघडी मडकी. त्यांच्यातही सीओडी ७०० ने उतरली असेल तर विजेच्या जिवाणूंचं श्रेय फक्त वरच्या १०० चं. आणि प्रयोग संपल्यावर ब्रश हेक्झेनमध्ये धुऊन त्यातलं तेल वजन करा. "नव्वद टक्के तेल काढलं" म्हणणाऱ्या कित्येक अहवालांत ते तेल गेलेलं नसतं, नुसतं ब्रशवर बसलेलं असतं. हेक्झेन पेटतं, जवळपास शेगडी नको.

करंट वाढवून, इलेक्ट्रोड जवळ जवळ लावून हे प्रमाण वीस टक्क्यांवर नेलं, तरी ०.३ व्होल्टला एक किलो सीओडीमागे ०.२ युनिट वीज मिळेल. त्याच एका किलोतून यूएएसबीमध्ये (हवेविना चालणाऱ्या बायोगॅसच्या टाकीत) ०.३५ घनमीटर मिथेन निघतो आणि इंजिनातून गेला तरी साधारण एक युनिट देतो. म्हणून सीओडी चार-पाच हजारांच्या वर असेल तर बायोगॅसच करा. बाजारात तुरी अशी स्थिती असताना मालकाला विजेच्या बिलात बचत दाखवू नका. दाखवायचंच तर हे दाखवा की एअरेशनला किलोमागे जी अर्धा ते एक युनिट वीज जाते, तेवढी या टप्प्यावर लागत नाही, आणि गाळही कमी निघतो.

बिघडलं तर

दाब हळूहळू उतरत असेल तर आधी कॅथोड बघा. बाहेरून पांढरे क्षार चढलेले असतात. सौम्य व्हिनेगरच्या फडक्याने पुसले की दाब बऱ्यापैकी परत येतो. दाब एकाच दिवसात कोसळला तर आत तेलाचा लोंढा आला किंवा कॉस्टिक सुटलं, पीएच लगेच तपासा. वास उग्र आणि पाणी काळंकुट्ट झालं तर सल्फेट वाढलं आहे, आम्लपाण्याची लाइन कुठून तरी मिसळतेय. मडकं बाहेरून कोरडं पडलं तर मातीची छिद्रं चरबीने बुजलीत. ते मडकं फेकून नवं घ्या, घासत बसण्यात अर्थ नाही.

मडक्यांची मालिका करून दाब वाढवायचा मोह होतो. एकामागून एक जोडल्यावर त्यातलं कमजोर मडकं उलट्या दाबाला जातं आणि त्यातले जिवाणू मरतात. समांतर जोडा, आणि दाब हवा असेल तर कपॅसिटर आणि बूस्टर सर्किट लावा.

बाहेर पडणारं पाणी

मडक्यातून आलेलं पाणी नाल्यात सोडण्याजोगं नसतं. सर्वसाधारण मानकानुसार तेल-ग्रीस १०, बीओडी (घाण खाताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) ३० आणि सीओडी २५० मिलिग्रॅम प्रतिलिटर ही मर्यादा आहे, आणि पुढे एअरेशन, सेटलिंग आणि वाळूचा फिल्टर लागतोच. प्रयोगाचं सगळं पाणी परत इक्वलायझेशन टाकीत टाका. ईटीपीत कायमचा टप्पा म्हणून बसवायचं ठरलं तर आधी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून संमतिपत्रात बदल करून घ्या.

मला या मडक्याचा सगळ्यांत रोखठोक उपयोग वाटतो तो वीज म्हणून नाही, पहारेकरी म्हणून. बीओडीचा अहवाल २७ अंशावर तीन दिवसांनी येतो. तोवर बिघडलेलं पाणी एअरेशन टाकीत जाऊन तिथला गाळ मारून झालेलं असतं. एक सुरळीत चाललेलं मडकं इक्वलायझेशनच्या पंपानंतर बायपासवर लावा, पाण्याची एक बारीक धार सतत त्यातून जाऊ द्या, आणि रोधावरचा दाब साध्या डेटा लॉगरला जोडा. आधी पंधरा दिवस नुसता आलेख काढा, म्हणजे शिफ्ट बदलताना आणि रविवारी धुलाई बंद असताना दाब किती हलतो ते कळेल. त्या नेहमीच्या चढउताराच्या खाली दाब दोन तास राहिला तर बझर वाजेल अशी सेटिंग करा, आणि बझर वाजला की ऑपरेटरने पहिल्यांदा पीएच, मग ऑइल ट्रॅपचा थर बघायचा. ही दोन कामं लिहिलेला कागद लॅमिनेट करून पॅनेलवर चिकटवा, कारण रात्रपाळीचा माणूस बहुधा नवा असतो.